मालकाचा रकाना

आमच्या घरात एक कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पडद्याकडे कुणी बघत नाही. तो वापरते माझी नणंद, आणि तिला दिसत नाही. सातवीत असताना तिची नजर कमी व्हायला लागली, दहावीच्या परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला, बारावीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. त्यानंतर ती बी.ए. झाली, बी.एड. झाली, आणि गेली चौदा वर्षं मुरबाडच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. शाळेत लागली तसं गाव तिला बाई म्हणायला लागलं, मग घरही म्हणायला लागलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी मीही तिला बाईच म्हणते.

घर शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका गावात. तिची नोकरी रस्त्याच्या एका टोकाला, माझी दुसऱ्या. मी आटगावकडच्या एका आरोग्य केंद्रात औषधांचा साठा सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, हे लिहिल्याशिवाय माझा दिवस संपत नाही, आणि ही सवय रोज माझ्याबरोबर घरी येते. फ्रिजवर यादी, मीटरच्या पेटीशेजारी यादी, औषधांच्या डब्याच्या झाकणावर यादी. नवरा म्हणतो, एक दिवस माझ्या कपाळावर पण चिकटवशील.

कॉम्प्युटरची यादी त्याच्या टेबलाच्या बाजूला होती. शहापूरचा एक ओळखीचा मुलगा, मुलगा म्हणजे पस्तिशीचा बाप्या, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानंच हे जुनं यंत्र आणून दिलं. त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण त्यात पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. यंत्रात शिरायचं नाव काय ठेवू असं त्यानं विचारलं तेव्हा नणंद म्हणाली, "सगळे बाई म्हणतात, तर बाईच ठेव." म्हणून यंत्राच्या लेखी ती बाई. जाताना त्यानं मला चार गोष्टी सांगितल्या, मी त्या एका पुठ्ठ्यावर उतरवल्या. चौथी अशी होती: 'परवानगी नाही असं म्हणालं, तर ओळीच्या पुढे सुडो लावून तीच ओळ पुन्हा.' सुडो हा एक इंग्रजी चार अक्षरांचा शब्द. तो लावला की यंत्र विचारत बसत नाही, ऐकतं. मला हा शब्द फार आवडला होता. सरकारी नोकरीत असा एखादा शब्द मिळाला असता तर काय पाहिजे होतं!

गोष्ट जानेवारीतली. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. बाईच्या शाळेत नवीन मुख्याध्यापक आले होते. माणूस वाईट नाही, पण धास्तावलेला. त्यांनी डिसेंबरातच बाईला बोलावून सांगितलं होतं, "बाई, दहावीचं राहू द्या. तुम्ही आठवी-नववी घ्या. दहावीचा पेपर काढायचा म्हणजे तुम्हाला कुणाचे तरी डोळे लागणार, आणि मग गुप्तता कुठं राहिली?" बाई म्हणाली, "सर, एक पेपर मला काढू द्या. कुणाचे डोळे लावले तर दहावी सोडते." असं ठरलं. पूर्वपरीक्षेचा इतिहास-राज्यशास्त्राचा चाळीस गुणांचा पेपर, सोमवारी शाळा भरताना बंद पाकिटात सरांच्या टेबलावर. पेपर आला तर दहावी तिच्याकडे. नाही आला, किंवा दुसऱ्या कुणी टाइप केला, तर नाही.

यात आणखी एक अडचण होती, ती आमच्या घरातली. माझी मुलगी त्याच शाळेत, त्याच दहावीत. त्यामुळे पेपर पाहायचा नाही हे मला जास्तच लागू होतं. बाई काम करायची तेव्हा खोलीचं दार बंद. पेपर फक्त त्या यंत्रात. पेन ड्राइव्हवरसुद्धा प्रत नाही. मी म्हणाले, "एक प्रत तरी ठेव गो. आमच्याकडे साध्या खोकल्याच्या औषधाच्या दोन नोंदी असतात." ती म्हणाली, "वहिनी, दोन प्रती म्हणजे दोन किल्ल्या. एकच बरी."

शनिवारी दुपारी दोनदा वीज गेली-आली. यंत्र परत चालू केलं तर बोलेना. मला हाक मारली. मी पडदा चालू केला: काळा, आणि त्यावर पांढरी अक्षरं. पुठ्ठा काढला. तिसऱ्या क्रमांकावर 'काळा पडदा आला तर स्टार्ट एक्स' असं लिहिलं होतं. ते टाइप केलं. परवानगी नाही म्हणालं. मग काय, चौथा क्रमांक. सुडो लावला, पासवर्ड बाईनं हातानं टाइप केला, आणि पडद्यावर चित्र आलं. मी टाळी वाजवायच्या बेतात होते.

"बोलत नाय," बाई म्हणाली.

खरंच, चित्र होतं पण ओकंबोकं. तिच्या फायली नाहीत, नेहमीचा आवाज नाही. मला वाटलं, दमलं असेल. बंद केलं, झाकण घातलं, उद्या बघू म्हटलं. यंत्राला दम लागतो असं मानणारी मी एकटी नसेन.

रविवारी सकाळी नवरा आणि मुलगी म्हशाच्या जत्रेला गेले. मुद्दामच पाठवलं. बाईचे दोन प्रश्न लिहायचे राहिले होते, मग सगळं वाचून तपासायचं, छापायचं. दहा वाजता तिनं यंत्र चालू केलं. या यंत्रात शिरायच्या पडद्यावर एक छोटासा ढोल वाजतो, ढम्म असा. तो वाजला की ती पासवर्ड टाकते आणि मग आवाज बोलायला लागतो. त्या दिवशी ढोल वाजला, तिनं पासवर्ड टाकला, क्षणभर शांतता, आणि परत ढम्म.

पुन्हा टाकला. पुन्हा ढम्म.

मी आत गेले. "पासवर्ड चुकतोय तुझा. मोठ्या अक्षराचं बटण दाबलं गेलं असेल."

"नाय. बरोबर आहे."

"कशावरून?"

"चुकीचा टाकून दाखवू?" तिनं काहीतरी भलतंच टाइप केलं. ढोल वाजला नाही. पडदा होता तिथंच राहिला, नुसतं लाल अक्षरात चूक म्हणाला, जे तिला दिसायचं कारणच नव्हतं. "बघ. चुकला तर ढोल नाय. बरोबर टाकला की ढोल. म्हणजे ते मला दारातून आत घेतंय आणि आत गेल्यावर बाहेर काढतंय. बिघाड दारात नाय, आत आहे."

पडद्यासमोर डोळे उघडे ठेवून मी बसले होते आणि मला एवढंच दिसलं होतं की चाललं नाही.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. कीबोर्डची वायर काढून घातली. पडद्याची वायर काढून घातली. मागची धूळ झटकली. बाई शांतपणे खुर्चीत बसून होती. दर पाच मिनिटांनी घड्याळाचं बटण दाबून वेळ ऐकायची. पावणेअकरा. सव्वाअकरा. हे मला त्या दिवसापर्यंत कळलंच नव्हतं: मी समजत होते की तिला पडदा लागत नाही. लागतो. बोलणारा प्रोग्राम त्या चित्रातूनच वाचतो. चित्र नाही तर आवाज नाही, आवाज नाही तर ती त्या यंत्राच्या बाहेर. ज्या पडद्यावर ती कधी नजर टाकत नाही, त्याचीच तिला परवानगी लागत होती.

शहापूरला फोन लावला. मागे पिपाण्या आणि पाळण्याची करकर.

"जयभीम वहिनी! जत्रेत हाय मी, म्हशाला! जोरात बोला!"

मी जोरात सांगितलं. ढोलाचं सांगितलं. शनिवारचं पण सांगितलं.

"सुडो लावून चित्र चालू केलात? अरे बापरे वहिनी!" तो हसला की ओरडला ते पिपाण्यांत कळलं नाही. "मंगळवारी येतो, सगळं पुसून नवीन टाकतो!"

"पुसून नाय!" बाई खुर्चीतून उठलीच. फोन माझ्या हातातून घेतला. "पेपर आहे रे आत. उद्या सकाळी द्यायचाय. पुसायचं सोडून काय असेल ते सांग."

"मग असं करा बाई, कंट्रोल, आल्ट आणि एफ तीन दाबा. काळ्या पडद्यावर जा. तिथं लॉगिन करा. आणि फायली बघा, कुणाच्या नावावर हायेत..." पुढे पाळणा, पिपाणी, आणि फोन कटला. परत लावला तर लागेना. जत्रेत कुणाचा लागतो!

बाई फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. "नावावर म्हणाला ना?"

"हो. कुणाच्या नावावर."

"बस इथं," ती म्हणाली. "मी टाइप करते, तू वाच. पेपरचं नाव दिसलं तरी हरकत नाय, फाइल उघडायची नाय एवढंच. डोळे नाय लावत मी, नुसती ओळख वाचून घेते." हे ती माझ्याशी बोलत होती की सरांशी, कोण जाणे.

तीन बटणं दाबली. चित्र गेलं, काळा पडदा आला. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

"काहीच उमटत नाय," मी म्हणाले.

"पासवर्ड उमटायचा नसतो गो. पुढे काय आलं?"

पुढे तिच्या नावाची ओळ आली. आत घेतलं होतं. मग तिनं फायलींची यादी मागणारी ओळ टाइप केली, पान पान थांबेल अशी. मुंबईला आठ दिवसांच्या शिबिरात शिकली होती. पडदा ओळींनी भरला. यादी! माझ्या हातातलं काम. मी भराभरा वाचायला लागले: "डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक..."

"थांब. हे काय वाचतेयस?"

"नावं."

"नावं तर शेवटी असतात. त्याच्या अगोदर काय आहे?"

अगोदर बरंच काही होतं. अक्षरं, रेघा, आकडे. मला ते दिसत होतं, पण साठ्याच्या वहीत मी गेली वीस वर्षं दोनच रकाने बघत आले: औषधाचं नाव आणि शिल्लक. मधलं सगळं नजर आपोआप ओलांडते.

"ते मधलं काय कामाचं?"

"वहिनी, बाबा कसे वाचायचे तसं वाच."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. आमच्या नावावर तेव्हा एक गुंठाही नव्हता, पण गावातल्या प्रत्येक जमिनीचा कागद त्यांच्या हातून गेलेला. संध्याकाळी लोक सातबारा घेऊन ओटीवर यायचे, कारण कागद हातात असला तरी वाचता येत नसे. सासरे वाचून दाखवायचे आणि एकही रकाना सोडायचे नाहीत. भोगवटादाराचं नाव. क्षेत्र. आकार. कुळाचं नाव, निरंक. इतर अधिकार, निरंक. रिकामा रकाना असला तर तिथं सरकारी कागदात निरंक म्हणतात, म्हणजे काही नाही. तेही ते मोठ्यानं म्हणायचे. मी नवी सून असताना एकदा आतून म्हटलं होतं, काही नाही ते कशाला वाचायचं? तेव्हा ते म्हणाले होते, "सूनबाई, काय नाय हे त्याला कळायला नको? उद्या कोण तिथं नाव चढवील." आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेली ही मुलगी, नजर जात चाललेली, गावाचे सातबारे कानानं पाठ करत होती.

"रेघ आली की निरंक म्हण," बाई म्हणाली. "आर म्हणजे वाचायची मुभा, डब्ल्यू लिहायची. आणि नावाचे रकाने सोडू नको."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. "डी, आर, डब्ल्यू, एक्स..." अक्षरं संपली की आकडा, मग मालक, मग गट, मग आकार, तारीख, नाव. पहिल्या ओळीत मालक बाई, गट बाई, नाव नुसता एक ठिपका. दुसऱ्या ओळीत वाचलं, "रूट, रूट," आणि मी थबकले. "हे बघ! हे तुझं नाय!"

"नाव काय त्या ओळीचं?"

"दोन ठिपके."

"मग ते घराबाहेरचं. एक ठिपका म्हणजे आपलं घर, दोन म्हणजे घर ज्याच्यात आहे ते. गावठाण समज. ते सरकारचंच असणार. पुढे वाच."

रूट म्हणजे यंत्राचा सरकार, हे मला आत्ता कळलं. माझा लाडका सुडो लावला की आपण त्याच सरकारच्या नावानं बोलतो.

पुढे वाचलं. बाई बाई. बाई बाई. मालकाच्या आणि गटाच्या रकान्यात दर ओळीला तेच, आणि मी ते म्हणत गेले तसतशी मला हसू यायला लागलं. आमच्याकडे कुणाला नवल वाटलं की म्हणतात तसं. बाई बाई, बाई बाई. तीही हसली, पण बोटं वर करून म्हणाली, "चालू ठेव." एक पान संपलं. तिनं बटण दाबलं, दुसरं आलं. माझा आवाज सपाट झाला होता, जसा सासऱ्यांचा व्हायचा. बारा वाजले होते. बाहेर रस्त्यानं जत्रेला जाणाऱ्या जीप भोंगे वाजवत जात होत्या.

"निरंक, आर, डब्ल्यू, निरंक, निरंक, निरंक, निरंक, निरंक, निरंक, निरंक. एक. रूट, रूट..."

"थांब."

मी तर पुढच्या शब्दावर गेलेही होते. मला काही वेगळं वाटलं नव्हतं. पंचवीस-तीस ओळींनंतर माझं तोंड नुसतं चालत होतं.

"नाव काय या ओळीचं?"

"ठिपका, एक्स, ऑथॉरिटी."

"तारीख?"

"कालची. दुपारचे तीन पाच."

बाईनं बोटं बटणांवरून उचलली. मग एकेक शब्द मोजल्यासारखं बोलायला लागली, वर्गात सनावळी सांगताना बोलते तशी. "ऑथॉरिटी, म्हणजे अधिकार. चित्राच्या पडद्यावर यायचा परवाना असणार हा. घरातलीच फाइल. मालक वाचू शकतो, लिहू शकतो. गटाला निरंक. बाकी सगळ्यांना निरंक. आणि मालक रूट." ती माझ्याकडे वळली. "वहिनी, म्हणजे मी बाकी सगळ्यांत. माझ्याच घरात."

माझ्यासमोर पूर्ण पडदा होता. त्यातली प्रत्येक ओळ मी माझ्या तोंडानं उच्चारली होती. आणि जिला ती दिसत नव्हती तिनं ओळींच्या त्या ढिगातून एक नाव उचललं, कुठल्या वेळी चढलं ते सांगितलं, आणि ते कुणी चढवलं तेही तिला ठाऊक होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही. मीच बोलले.

"काल मी सुडो लावला. मीच चढवलं ते नाव."

"तू लावलास, पण सही माझी आहे. पासवर्ड मीच टाकला ना," ती म्हणाली. "आता काय, फेरफार करायचा."

जमिनीचा मालक बदलला की तलाठ्याकडे नोंद होते तिला फेरफार म्हणतात. यंत्राच्या भाषेत त्याला पाच इंग्रजी अक्षरांचा एक शब्द आहे, तो तिला शिबिरातून आठवत होता, पण अक्षरांचा क्रम नक्की आठवेना. सी आधी की एच? दोनदा चुकलं. यंत्र दोन्ही वेळा म्हणालं, असा शब्द माहीत नाही. तिसऱ्यांदा शब्द ओळखला, पण म्हणालं, परवानगी नाही.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. हातात घेतला, परत टेबलावर ठेवला.

"लाव लाव," ती हसत म्हणाली. "आता लावायचाच. सरकारच्या नावावरचं सरकारच सोडवणार. काल उगाच बोलावला, आज कामाला बोलवू."

तिनं सुडो लावला, मग तो शब्द, मग मालक बाई, गट बाई, मग फाइलीचं नाव, ठिपका विसरायचा नाही. एंटर. यंत्र काहीच बोललं नाही.

"काय म्हणालं?"

"काही नाय. निरंक," मी म्हणाले.

"मग झालं. ती एकच ओळ परत मागते, वाच."

"निरंक, आर, डब्ल्यू, मग सात वेळा निरंक. एक. बाई, बाई."

परत चित्राच्या पडद्यावर आलो. ढोल वाजला. तिनं पासवर्ड टाकला आणि हात मांडीवर ठेवले. शांतता. ढोल ज्या वेळी वाजायला हवा होता ती वेळ गेली. आणखी थोडी गेली. तिनं मान किंचित वाकडी केली, जशी ती कुणाची पावलं ओळखताना करते. आणि मग त्या डब्यातून तो कोरडा, यंत्राचा, मराठी आवाज बोलला: "डेस्कटॉप. स्वागत आहे."

बाई रडली नाही की हसली नाही. ती म्हणाली, "वहिनी, बाहेर जा आता. दार ओढून घे."

मी ओटीवर येऊन तांदूळ निवडायला बसले. खरं सांगते, मी कान दिला. दहावीतल्या मुलीची आई आहे मी. दारातून आवाज येत होता, पण इतका वेगात, की शब्द असा एकही हाताला लागेना. कुणीतरी वाळलेल्या शेंगा सुपात पाखडतंय असा नुसता खडखडाट. मला वाटलं परत बिघडलं. उठून दारापाशी गेले. तेवढ्यात खडखडाट थांबला, तिची बोटं बटणांवर चालली, परत खडखडाट. ती ऐकत होती. ते सगळं तिला कळत होतं. गेली चार वर्षं मी त्या दारावरून रोज जाते. हा आवाज ऐकत आले आणि पंखा वाजतोय असं समजत आले. तिच्या कानाला ही वाक्यं आहेत, स्वल्पविरामासकट. मी परत येऊन बसले. पुढचा तासभर तांदळात एक खडा दिसला नाही, कारण मी तांदळाकडे बघत नव्हते.

चार वाजता छपाईचं यंत्र घरघरलं. मग शांतता. मग पुन्हा घरघर. ती पाकीट घेऊन बाहेर आली, डिंक अजून ओला होता. "कागद कोरा निघाला नाय ना?" मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, "छापलेला कागद ऊन लागतो. हाताला दोन्ही वेळा ऊन लागला."

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि तिला स्कूटरवरून शाळेत सोडलं. आत जायचं नव्हतं मला, पण ती म्हणाली, चल. मी सरांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तिनं काठी घडी करून पिशवीत टाकली, चार पावलं चालत गेली, टेबलाची कड हातानं तपासली आणि पाकीट ठेवलं.

सरांनी ते फोडलं. कागद उघडून वाचायला लागले. वाचताना पेन्सिलीचं टोक ओळींवरून खाली जात होतं. चेहऱ्यावर काही दिसेना.

"कुणी टाइप केलं?"

"मी."

"तपासलं कुणी?"

"मीच, सर. चार वेळा ऐकलाय."

ते परत पहिल्या ओळीवर गेले आणि गुण मोजायला लागले, ओठ हलवत, मग मोठ्यानं. शेवटी पेन्सिल ठेवली. त्यांना वाईट वाटत होतं हे माझ्यासारखीलाही कळलं. "बाई, छत्तीसच भरतात. चार कमी पडताहेत. मी म्हणत होतो ना, अशा गोष्टी नजरेनंच..."

"पाचव्या प्रश्नाचा शेवटचा उपप्रश्न मागच्या बाजूला आहे, सर," बाई म्हणाली. "चार गुणांचा. कागद उलटा करा."

सरांनी कागद उलटा केला. तिथं होता. ते तो वाचत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. बाहेर घंटा झाली. वर्गांकडे पळणाऱ्या पावलांचा गोंधळ उठला. बाईनं पिशवीतून काठी काढली आणि उलगडली, पण हलली नाही.

"पहिला तास कुठला तुमचा?" सरांनी न बघता विचारलं.

"तुमी सांगाल तो."

त्यांनी कागद परत पाकिटात घातला, पाकीट कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं.

"दहावी अ," ते म्हणाले. "वर्गावर कुणी नाही. जा लवकर."